‘अंगावर काढलेला’ ताप : हिवतापविषयक आरोग्यसंदेशांचा भाषिक विचार

ज्वरनिवारणाशी भाषाशास्त्राचा संबंध काय, असा प्रश्न हा लेख पाहून कोणी विचारला तर ते स्वाभाविकच होईल. डास मारणे हे कीटकशास्त्रज्ञाचे काम, ताप उतरवणे हे वैद्याचे काम. भाषेच्या अभ्यासकाने या दोहोंच्या मध्ये का यावे? परंतु हिवताप हा असा रोग आहे की, ज्याचे कारण, औषध आणि प्रतिबंध ही तिन्ही दीर्घकाळ ज्ञात असूनही तो अद्याप माणसे मारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना हा रोग झाला आणि ५ लाख ९७ हजार लोक दगावले. ज्ञान आहे, साधनेही बऱ्याच अंशी आहेत. तरी ज्ञात असलेली गोष्ट घरातल्या माणसाच्या कृतीत उतरत नाही. या उतरण्याचे माध्यम शब्द हे असल्यामुळे, ते कोठे अडते हे पाहणे भाषाशास्त्राच्या कक्षेत येते, असे माझे मत आहे.

प्रथम रोगाच्या नावांचाच विचार करू. ‘मलेरिया’ हा शब्द मूळचा इटालियन. त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीवरून येणाऱ्या दूषित वाऱ्याने हा ताप येतो ही समजूत त्या नावात गोठून राहिली आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठराच्या भिंतीत या रोगाचा परजीवी पाहिला आणि हवेचा सिद्धांत कायमचा निकालात निघाला. नाव मात्र तेच राहिले. आपल्याकडेही ‘त्या गावचे पाणी बाधते’, ‘जंगलाचे पाणी लागले’ असे म्हणण्याची जी रीत आहे, ती याच जातीची होय. तिला केवळ अडाणीपणा समजून सोडून देणे बरोबर नाही. जेथे ओढे, नाले व भातखाचरे आहेत तेथे ताप आहे, हे निरीक्षण अचूकच आहे. चुकला आहे तो मधला दुवा.

मराठीतील प्रचलित नाव ‘हिवताप’. संस्कृत ‘हिम’ या शब्दाचे प्राकृताच्या मार्गाने ‘हिंव’, ‘हिव’ झाले. ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ ज्या नियमाने झाले तोच हा नियम. म्हणजे थंडी भरून येणारा ताप तो हिवताप. शासकीय व्यवहारानेही हाच शब्द उचलला. जिल्ह्याला ‘जिल्हा हिवताप अधिकारी’ असतो आणि जून हा ‘हिवताप प्रतिरोध महिना’ म्हणून पाळला जातो.

याउलट आयुर्वेदातील ‘विषमज्वर’ या संज्ञेची गोष्ट. ठरावीक अंतराने येणाऱ्या ज्वरांना प्राचीन वैद्यांनी विषमज्वर म्हटले, आणि त्यांचे संतत, सततक, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे पाच प्रकार सांगितले. यांतील तृतीयक आणि चतुर्थक यांचे वर्णन हिवतापाच्या पाळ्यांशी चांगले जुळते. परंतु आधुनिक मराठीत ‘विषमज्वर’ हा शब्द टायफॉइडसाठी रूढ झाला. एकच शब्द जुन्या ग्रंथात एका रोगाचा आणि शाळेच्या पुस्तकात दुसऱ्याच रोगाचा वाचक असणे, ही परिभाषा घडवणाऱ्यांनी फारशी मनावर न घेतलेली अडचण आहे.

‘तृतीयक’ या नावात गणनेचीही एक गंमत आहे. परजीवीच्या ज्या जातीला व्हायव्हॅक्स म्हणतात तिचा ताप ४८ तासांनी उलटून येतो. ज्या दिवशी ताप आला तो पहिला धरला तर पुढची पाळी तिसऱ्या दिवशी पडते, म्हणून तृतीयक. ७२ तासांनी येणारा ताप त्याच हिशेबाने चतुर्थक. युरोपीय वैद्यकातील नावेही अशीच आरंभीचा दिवस धरून पडलेली आहेत. मराठी माणूस मात्र मधला रिकामा दिवस मोजतो आणि ‘एकांतरा’, म्हणजे एका दिवसाच्या अंतराने येणारा, असे म्हणतो. रोग एक, घड्याळ एक. मोजण्याची रीत मात्र निराळी.

‘पाळीचा ताप’ ही कल्पना मराठी मनात किती खोल रुजलेली आहे हे यावरून दिसते. आणि धोकाही नेमका येथेच आहे. मेंदूपर्यंत पोचून प्राण घेणारा जो फॅल्सिपेरम जातीचा ताप, तो अनेकदा पाळी पाळत नाही. लहान मुलांत हुडहुडी स्पष्ट दिसेलच असेही नाही. पाळीची वाट पाहणारा मनुष्य, किंवा रिकाम्या दिवशी ‘आज बरे आहे’ म्हणून धान्य कापायला जाणारा मनुष्य, आपल्या भाषेने दिलेल्या लक्षणावर विसंबून राहतो. उपचार वेळेवर मिळाला तर हा ताप बरा होतो. दोन-तीन दिवसांच्या विलंबाने तोच प्राणघातक ठरू शकतो.

या संदर्भात माझ्या स्वतःच्या एका चुकीचा उल्लेख करणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातील खेड्यांत वाटण्यासाठी तयार केलेले एक पत्रक भाषाशुद्धीसाठी माझ्याकडे आले होते. मसुद्यात जागोजागी ‘मलेरिया’ असे लिहिलेले होते. मी ते सर्वत्र खोडून ‘हिवताप’ केले. मराठीत चांगला अर्थवाही शब्द असताना परका शब्द कशाला, असा त्यामागचा विचार होता, आणि त्या दुरुस्तीचे मला समाधानही वाटले. पुढे ते पत्रक एका गावी वाचून दाखवले जात असता मी हजर होतो. ‘प्रत्येक ताप हा हिवताप असू शकतो’ हे वाक्य येताच मांडीवर तापलेला नातू घेऊन बसलेली एक वृद्धा म्हणाली, ‘त्याले हिव नाही भरत जी, निस्ता ताप हाये. मंग हा कागद आमच्या कामाचा नाही.’ आशा कार्यकर्तीने आग्रहाने त्या मुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. चाचणीत हिवतापच निघाला.

त्या वृद्धेने वाक्याचा अर्थ चुकीचा लावला असे म्हणता येणार नाही; भाषेच्या दृष्टीने तिचा अर्थ माझ्यापेक्षा अधिक काटेकोर होता. ‘हिवताप’ हा पारदर्शक समास आहे. ऐकणाऱ्याला त्याचे दोन्ही घटक स्वच्छ दिसतात, आणि त्यांतील पहिला घटक दुसऱ्याला मर्यादा घालतो. ज्या तापात हिव नाही तो हिवताप कसा? ‘प्रत्येक ताप हिवताप असू शकतो’ हे विधान तिच्या कानाला ‘प्रत्येक फूल पांढरे फूल असू शकते’ अशा धर्तीचे लागले असणार. ‘मलेरिया’ या शब्दाला मराठीत पोट नाही. तो केवळ एक खूण आहे. त्यामुळे ‘थंडी वाजो वा न वाजो, तो मलेरिया असू शकतो’ असे म्हणताना विसंगती उत्पन्न होत नाही. स्वभाषेतील पारदर्शक संज्ञा नेहमीच सुबोध असते, असे आपण गृहीत धरतो. पण ती जे दाखवते त्याहून वेगळे काही सांगावयाचे असेल तर तिची पारदर्शकताच आड येते. परिभाषेच्या वादात हा मुद्दा मी तरी पूर्वी कधी विचारात घेतला नव्हता.

आता क्रियापदांकडे वळू. मराठीत ताप ‘येतो’, ‘भरतो’, ‘चढतो’, ‘उतरतो’, ‘उलटतो’. मनुष्य त्याला फक्त चतुर्थीत भेटतो : ‘मला ताप आला’. रोगी हा कर्ता नसून ज्याच्याकडे काही येते असा अनुभविता आहे. केवळ व्याकरणावरून समाज दैववादी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चूक होईल. इंग्रजी बोलणारा मनुष्य ताप ‘बाळगतो’ म्हणून तो कमी आजारी पडतो असे नाही. तथापि एक वाक्प्रचार असा आहे की जेथे रोगी कर्ता होतो, आणि तो विशेष अर्थपूर्ण आहे : ‘ताप अंगावर काढणे’. उपचार न करता सोसत राहणे, कामावर जात राहणे, हा त्याचा अर्थ. त्यात सोशिकपणाची किंचित प्रशंसाही मिसळलेली आहे. मजुरी बुडवता येत नाही अशा घरात ताप अंगावर काढणे हा आळस नव्हे, ते घरासाठी केलेले एक काम आहे. ‘ताबडतोब दवाखान्यात जा’ असे सांगणारा संदेश या स्त्रीपुरुषांना नकळत ‘तुम्ही निष्काळजी आहात’ असे सांगतो, आणि त्यांना ते मान्य होण्याचे काहीच कारण नाही. ‘इतर दुखणी अंगावर काढता येतील, हा ताप नव्हे’ असे म्हटले तर तोच वाक्प्रचार संदेशाच्या बाजूने उभा राहतो.

दुसरे क्रियापद ‘उतरणे’. ताप उतरला म्हणजे दुखणे संपले हे समीकरण फार जुने आहे. व्हायव्हॅक्स जातीच्या तापात परजीवीचे एक रूप यकृतात सुप्त राहते आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा जागे होते. त्यासाठी क्लोरोक्विनच्या ३ दिवसांच्या उपचाराबरोबर प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. परंतु ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतो, आणि उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात. ‘पूर्ण मात्रा घ्यावी’ या पत्रकी वाक्यात या वर्तनाला थोपवणारे काहीही नाही. मराठीत मात्र ‘दुखणे उलटणे’ हा नेमका शब्द तयार आहे. उतरलेला ताप उलटतो, हे सांगण्यासाठी यकृताचे शरीरशास्त्र समजावून द्यावे लागत नाही. (‘औषध उलटले’ असेही आपण म्हणतो, आणि तेथे अर्थ अगदी वेगळा आहे, म्हणून कर्तृपद स्पष्ट ठेवण्याची दक्षता घ्यावी लागेल.)

रक्ततपासणीबाबतही तसेच. बोटाला टोचून घेतलेल्या एका थेंबासाठी आपण सहज ‘रक्त काढणे’ असा प्रयोग करतो. ‘काढणे’ म्हटले की विहिरीतून पाणी काढल्यासारखे काहीतरी मोठे परिमाण मनासमोर येते. आधीच अशक्त झालेल्या मुलाचे रक्त काढू देण्यास आई कचरते, यात नवल कसले?

पुरुषवाचक सर्वनामांची अडचण अधिक सूक्ष्म आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आणि ‘आपण’ म्हणजे त्याला धरून, हा भेद आहे. तो हिंदीत वा इंग्रजीत नाही, आणि द्राविडी भाषांच्या शेजाराने तो आपल्याकडे आला असावा असे मानले जाते. संदेश लिहिणाऱ्याला हे मोठेच भांडवल. ‘आपण आपल्या गावात फवारणी करून घेऊ’ या वाक्यात सांगणारा आणि ऐकणारा एका बाजूला येतात. पण हेच ‘आपण’ आदरार्थी द्वितीयपुरुषीही आहे. ‘आपण घरात पाणी साचू देऊ नये’ हे वाक्य साहेबाच्या तोंडी आले की श्रोता ‘आपण’चा अर्थ ‘तुम्ही’ असा करतो, आणि भांडवल बुडते. म्हणजे सर्वनामाचा अर्थ व्याकरणावर नव्हे, तर कोण बोलतो यावर ठरतो. तीच गोष्ट गावातील सुईणीने म्हटली तर ‘आपण’ समावेशक राहते.

आता संदेश ज्या वस्तूविषयी बोलतो त्या वस्तूकडे पाहू. कारण भाषेची चूक पुष्कळदा वस्तुज्ञानाच्या चुकीतून जन्मते. ‘परिसर स्वच्छ ठेवा, डास टाळा’ हे वाक्य सर्वत्र आढळते. गटाराच्या पाण्यात वाढणारे डास क्युलेक्स जातीचे. हिवताप पसरवतात ते अॅनाफिलीस. (व्याकरणाने ‘डास’ पुल्लिंगी, पण चावते ती मादी, हे जाता जाता.) त्यांतील स्टिफेन्साय ही जाती शहरांत विहिरींच्या आणि गच्चीवरील टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते, क्युलिसिफेसिस ही ग्रामीण जाती भातखाचरे, ओढ्यातील डबकी, खणलेले खड्डे यांत, आणि फ्लुव्हिएटिलिस ही डोंगराळ भागातील वाहत्या झऱ्यांच्या कडेला. अंगण आरशासारखे झाडणाऱ्या गृहिणीला ‘स्वच्छता ठेवा’ म्हटले तर तिला वाटते, माझे घर तर स्वच्छच आहे. तसेच ‘कोरडा दिवस’. अंड्यातून डास बाहेर पडण्यास साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून पुसावी, हा विचार शास्त्रशुद्ध आहे. परंतु हा शब्द ‘ड्राय डे’चे भाषांतर असून मूळ शब्द दारूची दुकाने बंद असण्याच्या दिवसाला आपल्याकडे आधीच चिकटलेला आहे, त्यावर होणारे विनोद मी अनेकदा ऐकले आहेत. आणि विनोदापेक्षा गंभीर गोष्ट ही की, जेथे दोन दिवसांआड नळाला पाणी येते तेथे भरलेला रांजण ओतून द्या असे सांगणे म्हणजे डोक्यावरून वाहिलेले श्रम ओतून द्या असे सांगणे आहे. झाकून ठेवा असे सांगता येते. ओता असे सांगताना दहा वेळा विचार करावा. शिवाय गडचिरोलीसारख्या जंगलपट्टीत, जेथे डास घराबाहेरच्या ओढ्यानाल्यांत वाढतो, तेथे रांजणाचा संदेश हिवतापापुरता तरी जवळजवळ निरुपयोगी आहे. तेथे मच्छरदाणी, फवारणी व त्वरित रक्ततपासणी यांवरच बोलले पाहिजे.

फवारणीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कानडा व धारवाड या जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली डीडीटीचे प्रयोग झाले. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी रुग्ण व आठ लाख मृत्यू असा अंदाज होता; १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. पण १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. या उलट्या प्रवासाची कारणे अनेक आहेत. डासांत आलेली प्रतिकारशक्ती आणि साधनांची टंचाई ही त्यांतील मोठी. परंतु घरातल्या भिंतीपाशी काय घडत होते हेही पाहिले पाहिजे. डास रक्त पिऊन भिंतीवर विसावतो आणि तेथील औषधाने मरतो. म्हणून फवारलेली भिंत काही महिने तशीच राहणे आवश्यक. आपल्याकडे सणाच्या तोंडावर भिंत सारवणे हा गृहिणीच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, आणि औषधाचे पांढरे डाग हा तिच्या दृष्टीने कलंक. ती भिंत सारवते. औषध मातीखाली जाते. देवघर व स्वयंपाकघर फवारू न देणे हेही नेहमीचे. शिवाय लोक औषधाची परीक्षा ढेकणांवरून करीत. पहिल्या वर्षी ढेकूण मेले तेव्हा फवारणी प्रिय झाली. पुढे ढेकणांनी औषधाला दाद देईनासे केले तेव्हा ‘औषधात दम नाही’ असा निर्णय झाला. ‘फवारणी’ हा शब्द कृती सांगतो, ‘भिंतीवर राहणे’ ही औषधाची खरी क्रिया सांगत नाही.

मुंबईतील विहिरींचे प्रकरण याहून जुने. १९११ मध्ये सी. ए. बेंटली यांनी शहरातील हिवतापाचा अहवाल दिला आणि विहिरींकडे बोट दाखवले. विहिरी बुजवण्याच्या वा झाकण्याच्या हुकमांना पारशी व हिंदू नागरिकांनी धार्मिक कारणांवरून विरोध केला. आरोग्यखात्याच्या भाषेत विहीर म्हणजे ‘डासांचे उत्पत्तिस्थान’, भाविकाच्या भाषेत ती तीर्थ. एकाच वस्तूची ही दोन नावे एकमेकांत अनुवादित होत नव्हती.

वर्तनबदलाच्या शास्त्रात आज बरीच तत्त्वे मांडली गेली आहेत. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील मानसशास्त्रज्ञांनी असे दाखवले की, रोग आपल्याला होऊ शकतो, तो गंभीर आहे, उपायाने लाभ आहे आणि अडथळे पेलण्याजोगे आहेत, या चार समजुतींवर माणसाची कृती अवलंबून असते. एव्हरेट रॉजर्स यांच्या १९६२ मधील नवकल्पनाप्रसारावरील ग्रंथात पेरूमधील लॉस मोलिनास या खेड्याचे उदाहरण आहे. पाणी उकळून पिण्याचा प्रचार तेथे दोन वर्षे झाला, पण सुमारे २०० कुटुंबांपैकी अवघी ११ वळली. कारण तेथील समजुतीप्रमाणे उकळलेले पाणी हे आजाऱ्याचे पाणी होते. भाषाशास्त्राच्या बाजूने जे. एल. ऑस्टिन यांचे १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेले विवेचन मला अधिक उपयोगी वाटते. उच्चार हीच कृती असते, परंतु ती सफल होण्यास परिस्थिती अनुकूल असावी लागते. नाव ठेवण्याचा अधिकार ज्याला नाही त्याने ठेवलेले नाव लागत नाही. त्याचप्रमाणे ज्या घरी मच्छरदाणीच नाही तेथे ‘मच्छरदाणीत झोपा’ हा उपदेश सदोष नसून निष्फळ आहे.

ओडिशाचा अनुभव या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवावा. २०१७ मध्ये तेथे दुर्गम वस्त्यांत ‘दमन’ नावाची मोहीम सुरू झाली. त्याच सुमारास एक कोटीहून अधिक औषधयुक्त मच्छरदाण्या घरोघरी पोचल्या आणि ताप नसलेल्यांचेही रक्त तपासले गेले. २०१७ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास असलेली रुग्णसंख्या २०१८ मध्ये ६६ हजारांवर आली. यश शब्दांचे नव्हते, वस्तू आणि मनुष्यबळ यांचे होते. शब्दांनी फार तर त्या वस्तूंना घरात शिरण्याची वाट दिली. भाषाभ्यासकाने आपल्या विषयाचा यापेक्षा मोठा वाटा सांगू नये.

तरीही वाट लागतेच. गडचिरोली जिल्ह्यात शोधग्राम येथील रुग्णालयाला ‘माँ दंतेश्वरी’ हे आदिवासींच्या देवतेचे नाव आहे. तेथे पाऊल टाकणाऱ्याला ते नाव पत्रकाच्या आधी काहीतरी सांगून जाते.

माझ्या पत्रकाची पुढे दुसरी प्रत निघाली. तिच्यातील मुख्य मजकूर असा आहे : ‘ताप आला की, हिव भरो वा न भरो, त्याच दिवशी आशाताईला रक्ताचा थेंब द्या. तो मलेरिया असू शकतो. हा ताप अंगावर काढू नका. ताप उतरला तरी दिलेल्या गोळ्या संपेपर्यंत घ्या. नाहीतर ताप उलटतो.’ मराठी बोलणाऱ्या वस्त्यांत हे वाचून दाखवल्यावर अर्थाविषयी प्रश्न आले नाहीत. माडिया भाषेतील रूपांतर मात्र अडले आहे. ती द्राविडी कुळातील भाषा; तिच्यात ‘अंगावर काढणे’ व ‘उलटणे’ यांच्या जागी काय यावे, ‘आपण’चे दोन अर्थ तेथे कसे विभागले जातात, आणि हिव नसलेल्या तापाला त्या भाषेत कोणते नाव आहे, हे मराठीवरून ठरवता येणार नाही. विभागातील ज्या विद्यार्थ्यांची घरची भाषा माडिया वा गोंडी आहे त्यांनी पावसाळ्यापूर्वी या तीन प्रश्नांची टिपणे करून आणली, तर जूनच्या आधी रूपांतर पुरे करता येईल.